कोल्हापुरात बरोबर, बर्फावर चूक: इन्फ्रारेड सेन्सरची नेहमीची तक्रार आणि तिचं निवारण

तक्रार जवळपास ठरलेल्या शब्दांत येते. "काका, इथं टेस्ट केला तेव्हा सेन्सर बरोबर दाखवत होता. वर नेऊन लावला आणि चुकायला लागला." वर म्हणजे मनाली, स्पिती, लडाख, उत्तराखंड. सांगणारा कधी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी असतो, कधी दरवर्षी हिमालयात जाणाऱ्या ट्रेकिंग ग्रुपमधला हौशी माणूस. बर्फाला हात न लावता त्याच्या पृष्ठभागाचं तापमान मोजायचं, लॉगरमध्ये साठवायचं आणि हिवाळाभर यंत्र तिथंच ठेवायचं, असा साधा सरळ बेत असतो. मग आकडे येतात आणि डोक्याला ताप होतो. निरभ्र रात्री बर्फ हवेपेक्षा आठ-दहा अंश थंड दिसतो. दुपारी बर्फ डोळ्यांदेखत वितळत असताना आकडा उणे एक किंवा अधिक दोन. कधी एकच आकडा तासन्‌तास हलत नाही, तर कधी मधूनच १०३७.५५ उगवतो.

यावर लोक काय करतात? सेन्सर बदलतात. नवा सेन्सरही तेच दाखवतो. मग एमिसिव्हिटी (पृष्ठभाग स्वतःचे उष्णतेचे किरण किती पुरेपूर सोडतो, याचा ० ते १ मधला आकडा) खाली-वर करून आकडा 'बसवतात', तो चार दिवस बसतो आणि पुन्हा सुटतो. माझं स्पष्ट मत आहे की अशा बहुतेक वेळा सेन्सर ठणठणीत असतो. बर्फाशिवाय आणखी काहीतरी त्याला दिसत असतं आणि ते आपण हिशेबात धरलेलं नसतं. शिवाय कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या तापमानाशी ताडून सेन्सरची चूक काढणं, जिथं केलं, तिथलं छतही त्या कॅलिब्रेशनमध्ये शिरलेलं असतं. ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, कारण तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

आधी चूक आहे का ते ठरवा

बर्फ हवेपेक्षा थंड दिसला म्हणजे सेन्सर बिघडला असं नाही. वारा नसलेल्या निरभ्र रात्री बर्फाचा पृष्ठभाग आभाळाकडे उष्णता फेकत राहतो. खालून जमिनीची ऊब वर यायला हवी, पण ताजा भुसभुशीत बर्फ म्हणजे बहुतांश अडकलेली हवा, आणि हवा उष्णता सहजी पुढे जाऊ देत नाही. त्यामुळे वरचा पातळ थर एकटाच गारठतो. दोन मीटर उंचीवरच्या हवेपेक्षा तो पाच-दहा अंश खाली गेला तर ते खरं असू शकतं. अशाच रात्री पृष्ठभागावर पिसांसारखे दहिवराचे स्फटिक उगवतात. सकाळच्या फोटोत ते दिसले, तर रात्रीचा कमी आकडा बराचसा खरा होता असं समजा. हिमस्खलनाचा अभ्यास करणाऱ्यांना हा थर फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यावर नवा बर्फ पडला की तो कमकुवत सांधा बनतो. म्हणून हवेच्या थर्मामीटरशी तुलना करून निकाल देऊ नका.

निकाल देणारी गोष्ट वेगळी आहे आणि ती निसर्गाने फुकट दिली आहे. बर्फाचं तापमान शून्याच्या वर जाऊच शकत नाही, आणि ओला, वितळता बर्फ बरोबर शून्यावर असतो. दुपारी हातमोज्यात मूठभर बर्फ दाबायचा. पाणी सुटलं तर पृष्ठभाग शून्यावर आहे. त्या क्षणी सेन्सर काय दाखवतो ते लिहून ठेवायचं, आणि शेजारी आभाळ कसं आहे तेही लिहायचं: निरभ्र की पूर्ण ढगाळ. वितळत्या बर्फावरच्या या दोन नोंदी, एक निरभ्र आभाळाखालची आणि एक ढगाखालची, हातात असल्या की अर्धं निदान झालं.

ढगाखाली शून्य आणि निरभ्र आभाळाखाली उणे एक दिसत असेल, तर दोष आभाळाच्या प्रतिबिंबाचा आहे. दोन्ही वेळा सारखीच चूक दिसत असेल तर ती कॅलिब्रेशनची किंवा सेन्सरपुढे लावलेल्या खिडकीची. सकाळी बरोबर आणि ऊन आल्यावर चूक, तर सेन्सरचा डबा तापतोय.

आभाळाचं प्रतिबिंब

हे सेन्सर साधारण ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीचे किरण पाहतात. डोळ्याला बर्फ पांढराशुभ्र दिसतो, ताजा बर्फ सूर्यप्रकाशाचा ऐंशी-नव्वद टक्के भाग परत फेकतो. पण या लांब तरंगलांबीला तोच बर्फ जवळजवळ काळा असतो. पडलेले किरण तो वरच्या अगदी पातळ थरातच शोषून घेतो. म्हणून एमिसिव्हिटी भरपूर असते, ०.९६ ते ०.९९ च्या दरम्यान. बारीक दाण्याच्या ताज्या बर्फाची वरच्या टोकाला, गोठून टणक झालेल्या काचेसारख्या बर्फाची खालच्या टोकाला.

०.९८ म्हटलं की वाटतं, राहिले दोनच टक्के, सोडून देऊ. पण ते दोन टक्के कुठून येतात ते बघा. तेवढा भाग बर्फ आरशासारखा परत फेकतो, आणि बर्फाच्या वर आभाळ असतं. उंचावरचं कोरडं निरभ्र आभाळ या तरंगलांबीत अतिशय थंड दिसतं, उणे पन्नास-साठ अंशांसारखं. तेव्हा सेन्सरकडे येणाऱ्या किरणांत ९८ भाग बर्फाचे आणि दोन भाग उणे साठच्या आभाळाचे. बर्फ खरोखर शून्यावर असेल आणि सेन्सरमध्ये एमिसिव्हिटी १ ठेवलेली असेल, तर चौथ्या घाताच्या नियमाने (किरणांचा जोर केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो) आकडा येतो सुमारे उणे ०.९. बर्फ खरोखर उणे १० वर असेल तर दिसतात उणे १०.७ किंवा १०.८. ढग आले की आभाळ 'गरम' होतं, बर्फाच्या तापमानाजवळ येतं, आणि ही चूक आपोआप नाहीशी होते. त्यामुळेच ही तक्रार कधी असते आणि कधी नसते.

आता लोकांचा ठरलेला उपाय बघू. आकडा खाली आला ना, मग एमिसिव्हिटी ०.९५ करा. बाजारातल्या बऱ्याच आयआर (इन्फ्रारेड) गनमध्ये तीच किंमत कायमची बसवलेलीही असते. इथं थांबून विचार करायला हवा. थर्मोपाइल सेन्सर, म्हणजे आपला हाच इन्फ्रारेड सेन्सर, समोरच्या वस्तूचे किरण आणि स्वतःच्या शरीराचे किरण यांतला फरक मोजतो. तो फरक एमिसिव्हिटीने भागला की आपण न बोलता गृहीत धरतो की बर्फावरून परत येणारे किरण सेन्सरच्याच तापमानाच्या भोवतालाचे आहेत. खोलीत हे चालून जातं. उघड्या बर्फावर तो भोवताल म्हणजे उणे साठचं आभाळ. वरच्याच उणे १० च्या बर्फाच्या उदाहरणात सेन्सरचं शरीर उणे ५ वर असेल, तर ०.९५ लावल्यावर आकडा उणे ११.१ होतो. म्हणजे उपायाने चूक वाढली. रात्री बर्फ सेन्सरपेक्षा थंड असतो, त्यामुळे एमिसिव्हिटी कमी केली की आकडा आणखी खालीच जाणार. हे एकदा कागदावर मांडून बघा, मग ०.९५ चा मोह कायमचा सुटेल.

एमिसिव्हिटी कोनावरही अवलंबून असते. सेन्सर सरळ खाली बघत असेल तर बर्फ उत्तम 'काळा' असतो. तिरकं बघायला लागलात की परावर्तन वाढतं, आणि उभ्या रेषेपासून ६० अंशांच्या पुढे ते झपाट्याने वाढतं. डोझियर आणि वॉरन या संशोधकांनी १९८२ मध्येच बघण्याच्या कोनाचा हा परिणाम मांडला होता. तरी आजही खांबाच्या टोकाला सेन्सर लावून तो दूरवरच्या उतारावर रोखलेला दिसतो. उभ्या रेषेपासून ४५ अंशांच्या आत राहा. सरळ खालीही बघू नका, कारण मग खांबाचा पाया आणि यंत्राची सावली नजरेत येते. पंधरा-वीस अंश बाहेर झुकवलेला सेन्सर मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

स्लॅबखाली केलेलं कॅलिब्रेशन

हा मुद्दा मी सावकाश मांडतो, कारण 'कोल्हापुरात बरोबर, वर चूक' याचं मूळ इथं आहे.

आपल्याकडे टेस्ट कशी होते? थर्मोकोलच्या डब्यात लादीचा बर्फ फोडून भरायचा, टेबलावर ठेवायचा, वर सेन्सर धरायचा. शून्य दिसलं पाहिजे. दिसतात अधिक अर्धा किंवा पाऊण अंश. मग प्रोग्राममध्ये तेवढी वजाबाकी टाकायची आणि 'कॅलिब्रेट झाला' म्हणून डबा बंद करायचा.

पण त्या बर्फाच्या वर कोण होतं? तुमचं छत, २५-२८ अंशांवरचा स्लॅब. बर्फाने परत फेकलेले दोन टक्के त्या गरम स्लॅबचे होते. ०.९८ एमिसिव्हिटी धरली आणि खोली २५ अंशांवर असली, तर शून्याचा बर्फ सुमारे अधिक ०.६ दिसतो. हे अधिक ०.६ सेन्सरच्या अंगचे नव्हतेच. तुम्ही मात्र ते सेन्सरची चूक समजून वजा केले. आता तोच डबा स्पितीत निरभ्र आभाळाखाली नेला. तिथं प्रतिबिंब उलट्या दिशेने काम करतं आणि आकडा उणे ०.९ कडे ओढतं. त्यात तुमची वजाबाकी मिळाली की उणे दीड. खोलीत अचूक ठरलेला सेन्सर बर्फावर दीड अंश चुकतो, आणि तो बिचारा पहिल्यापासून बरोबर होता. लादीच्या गुळगुळीत बर्फावर टेस्ट केली असेल तर परावर्तन जास्त, म्हणून घोळही जास्त.

ही गोष्ट आपल्याला खरं तर नवी नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ज्याने पायरोमीटर (दुरून तापमान मोजणारं यंत्र) हातात धरला आहे, त्याला माहीत असतं की वितळलेल्या लोखंडावर स्लॅगचा (मळीचा) थर असताना एक आकडा येतो आणि स्लॅग बाजूला सारल्यावर दुसरा, धातू तोच असला तरी. घरात बघायचं असेल तर स्टीलच्या पातेल्यात पाणी उकळवा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तेव्हा पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळेल. पातेल्याच्या चकचकीत बाजूवर आयआर गन रोखली की आकडा निम्म्याच्याही खाली येऊ शकतो. तिथंच काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, ती तापू द्या आणि पुन्हा बघा. आकडा नव्वदीकडे जाईल. स्टीलवर तुम्ही पातेलं कमी आणि स्वयंपाकघर जास्त मोजत होता. बर्फ स्टीलइतका वाईट आरसा नक्कीच नाही, पण आपल्याला अंशाच्या दहाव्या भागापर्यंत बोलायचं असतं, आणि तिथं दोन टक्केही बोलतात.

मग टेस्ट कशी करायची? प्रतिबिंबाला जागाच ठेवायची नाही. तांब्याचा किंवा पितळेचा अरुंद, खोल पेला घ्या, खोली तोंडाच्या चौपट तरी असू द्या. आतून मॅट रंग मारा. चकाकी नको, एवढंच महत्त्वाचं, या तरंगलांबीला बहुतेक सगळे रंग काळेच असतात. हा पेला काठापर्यंत बर्फाच्या चुऱ्यात बुडवा. चुऱ्यात थोडं पाणी हवं, म्हणजे तापमान शून्यावर घट्ट राहतं, पण बर्फ पाण्यावर तरंगत राहील आणि तळाशी नुसतं पाणी उरेल इतकं नको. रंकाळ्यावर गोळेवाले किसतात तसा किसलेला बर्फ यासाठी उत्तम. अशा खोल पेल्यात शिरलेला बाहेरचा किरण आत आदळत-आदळत शोषला जातो, परत येत नाही. त्यामुळे पेल्याची एमिसिव्हिटी १ च्या अगदी जवळ जाते आणि छत गणितातून बाहेर पडतं. इथं एमिसिव्हिटी १ ठेवून जो फरक येईल, तोच सेन्सरचा खरा फरक. तेवढाच प्रोग्राममध्ये टाका.

दोन पथ्यं पाळा. सेन्सर पेल्याच्या तोंडाशी असावा, पण धातूला टेकू नये. टेकला की त्याचं नाक थंड आणि पाठ गरम होते, आणि थर्मोपाइलला हे अजिबात सोसत नाही. दुसरं, ही टेस्ट पावसाळ्यात करू नका. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या हवेत इतकी ओल असते की गारठलेल्या सेन्सरवर लगेच दव धरतं, आणि मग सेन्सर पाण्याचा थेंब मोजत बसतो. डिसेंबर ते मार्च हा काळ चांगला.

दुसरा बिंदू शून्याच्या खालचा हवा. त्यासाठी पॉट आइस्क्रीमवाल्यांचीच रीत वापरा, बर्फात भरपूर मीठ. मीठ-बर्फाचं मिश्रण नीट जमलं तर उणे २१ अंशांपर्यंत उतरतं. त्यात पेल्याशेजारी भरवशाचा थर्मामीटर बुडवून ठेवा, कारण प्रत्येक वेळी तेवढं खाली जाईलच असं नाही.

आणि एक टेस्ट सोपी आहे, तरी कुणी करत नाही. पूर्ण डबा, बॅटरी आणि लॉगरसकट, एखाद्या ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवा. तिथं सगळंच एका तापमानाला येतं. मग समोरच्या वस्तूचा आकडा आणि सेन्सरच्या शरीराचा आकडा (तोही सेन्सर स्वतःच देतो) जवळपास सारखा यायला हवा. कॉम्प्रेसर चालू-बंद होत असल्याने थोडी लाट दिसेल, तिची सरासरी घ्या. सरासरीतही अर्ध्या अंशाहून जास्त फरक राहिला, तर डब्यातलंच काहीतरी सेन्सरला तापवतंय. बहुतेकदा तो शेजारी सोल्डर केलेला व्होल्टेज रेग्युलेटर असतो. २८ अंशांच्या खोलीत हे लपून राहतं.

शेवटी डबा गच्चीवर न्या. जानेवारीतल्या निरभ्र रात्री गच्चीवर किसलेल्या बर्फाचा ट्रे ठेवा आणि त्यावर सेन्सर लावा. थोड्या वेळाने ट्रे आणि सेन्सर यांच्यावर दोन-तीन फुटांवर पुठ्ठ्याचं मोठं छत धरा, मग काढा. पुठ्ठा असताना आणि नसताना आकडा जेवढा हलतो, तेवढं प्रतिबिंब. आपलं आभाळ स्पितीइतकं कोरडं नाही, त्यामुळे इथं हालचाल कमी दिसेल, पण दिशा स्वच्छ कळते. विद्यार्थ्यांना मी हेच आधी करायला लावतो. पुठ्ठा हलवल्यावर लॉगरवरचा आकडा खाली सरकताना एकदा बघितला की पुढचं फार समजवावं लागत नाही.

ऊन आल्यावर होणारी चूक

सकाळी नऊपर्यंत ठीक, मग आकडा भरकटतो, ऊन गेल्यावर पुन्हा ठिकाणावर. हा डब्याचा दोष. बर्फावर ऊन वरूनही येतं आणि खालूनही, कारण बर्फ ते परत फेकतो. काळा किंवा करडा प्लास्टिकचा डबा काही मिनिटांत हवेपेक्षा कितीतरी वर जातो. सेन्सरचं एक अंग दुसऱ्यापेक्षा आधी तापलं की थर्मोपाइलमध्ये खोटा सिग्नल तयार होतो. एमएलएक्स९०६१४ या आपल्याकडे सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या सेन्सरच्या माहितीपत्रकातही स्पष्ट लिहिलेलं आहे की सांगितलेली अचूकता सेन्सरचं संपूर्ण शरीर एका तापमानाला असेल तेव्हाच लागू.

यावर इलाज आपल्या गावात सहज होतो. उद्यमनगरात कुठल्याही लेथवर अ‍ॅल्युमिनियमचा जाडसर गोळा टर्न करून घ्या, मध्ये सेन्सर घट्ट बसेल असं भोक, भोवती थर्मल पेस्ट. जड धातूमुळे तापमान हळू बदलतं आणि सगळीकडून सारखं बदलतं. गोळ्याच्या बाहेर हवा खेळेल असं पांढरं आवरण, वरून आणि खालूनही. रेग्युलेटर आणि मायक्रोकंट्रोलर वेगळ्या डब्यात. लॉगरमध्ये सेन्सरच्या शरीराचं तापमान दर मिनिटाला नोंदवा, आणि ते मिनिटाला अर्ध्या अंशाहून वेगाने बदलत असेल त्या वेळचे पृष्ठभागाचे आकडे संशयित म्हणून खूण करा. फेकून देऊ नका, फक्त खूण करा.

या वेळेस बरेचजण पडताळणीसाठी थर्मोकपल (टेकवून तापमान मोजणारी तार) बर्फावर टाकतात आणि 'थर्मोकपल अधिक चार दाखवतोय' म्हणून फोन करतात. भर उन्हात थर्मोकपलची तार स्वतः ऊन पिते आणि बर्फापेक्षा गरम होते. अधिक चारचा बर्फ जगात नाही. दिवसा स्पर्श न करता मोजायचं ते याचसाठी.

न हलणारा आकडा

पृष्ठभागाचा आकडा सेन्सरच्या शरीराच्या आकड्याला तासन्‌तास चिकटून चालला असेल, तर सेन्सर स्वतःच्या तोंडावरचा बर्फ बघतोय. वाऱ्याने उडालेला बर्फ किंवा दहिवर भिंगावर बसलं की त्याचं तापमान आणि शरीराचं तापमान एकच होतं. त्यासाठीच दोन्ही आकडे नोंदवायचे. भिंगापुढे छोटी नळी द्या, तोंड खाली असू द्या. भिंगाला हीटर लावण्याचा विचार करत असाल तर पुन्हा तोच शरीर असमान तापण्याचा प्रश्न समोर येतो. लावायचाच तर थोड्या वेळासाठी लावा, आणि तेवढ्या वेळाचे आकडे धरू नका.

पहिल्या दिवसापासूनच आकडा चिकटलेला असेल तर खिडकी बघा. काच किंवा अ‍ॅक्रिलिक डोळ्याला आरपार असली तरी ८ ते १४ मायक्रॉनला ती भिंत आहे. डबा जलरोधक करण्यासाठी सेन्सरपुढे छान पारदर्शक अ‍ॅक्रिलिक चिकटवलेले डबे माझ्याकडे अजूनही येतात. जर्मेनियमची खिडकी महाग पडते. पातळ पॉलिथिनचा पापुद्रा बऱ्यापैकी किरण सोडतो, पण सगळे नाही, म्हणून तो लावूनच पेल्यातली टेस्ट करावी लागते, आणि उन्हाने तो पिवळा पडला की बदलावा लागतो. उघडं, खाली तोंड केलेलं भिंग जमत असेल तर खिडकीच्या भानगडीत पडू नका.

किती बर्फ दिसतोय

एमएलएक्स९०६१४ वेगवेगळ्या नजरेचे मिळतात आणि दुकानदार बहुतेकदा ९० अंशांचा देतो. ९० अंशांचा सेन्सर दोन मीटरवरून सरळ खाली बघत असेल तर त्याला चार मीटर व्यासाचं वर्तुळ दिसतं. त्यात खांब, ताण दिलेल्या तारा, दगड, तुमच्या पावलांचे ठसे, सगळं आलं. ३५ अंशांच्या सेन्सरला तिथूनच साधारण सव्वा मीटरचं वर्तुळ दिसतं, १० अंशांच्याला एका फुटाहून थोडं जास्त. शिवाय सांगितलेला कोन ही कडक सीमा नसते, त्याच्या बाहेरूनही थोडे किरण येत राहतात. तिरका लावलेला ९० अंशांचा सेन्सर क्षितिजावरचं आभाळ सरळ पाहू शकतो. तेव्हा वरचा सगळा हिशेब बाजूला राहतो आणि आकडा नुसता भरकटतो. बर्फासाठी ३५ किंवा १० अंशांचाच घ्या. बर्फाची जाडी वाढली की अंतर घटतं आणि वर्तुळ लहान होतं, हेही लक्षात ठेवा. एक मीटर बर्फ साचला तर दोन मीटरवरच्या सेन्सरचं वर्तुळ निम्म्या व्यासाचं होतं.

१०३७.५५ चं कारण थोडक्यात सांगतो. तो तापमानाचा आकडा नाहीच. सेन्सरकडून उत्तर आलं नाही की वाचलेले सगळे बिट एक होतात, म्हणजे ६५५३५. त्याला ०.०२ ने गुणून २७३.१५ वजा केले की १०३७.५५. लांब तार, ढिला जोड किंवा कमजोर पुल-अप (सिग्नलची तार वर ओढून धरणारा रेझिस्टर), यांतलं काहीतरी आहे. तार आखूड करा, सिग्नलच्या घड्याळाचा (क्लॉकचा) वेग कमी करा, थंडीत कडक होऊन तडकणाऱ्या स्वस्त पीव्हीसी तारेऐवजी सिलिकॉनची तार वापरा. उणे २७३.१५ दिसलं तर उलट, सगळे बिट शून्य.

आभाळाची वजाबाकी

प्रतिबिंबाचा पक्का इलाज म्हणजे दुसरा तसाच सेन्सर आभाळाकडे रोखणं. खाली बघणारा जितका तिरका, तितकाच हा वरच्या बाजूला तिरका, म्हणजे बर्फाच्या आरशात जो आभाळाचा तुकडा दिसतो तोच याला दिसेल. मग हिशेब सोपा. दोन्ही तापमानं केल्विनमध्ये घ्या, म्हणजे २७३.१५ मिळवा, आणि चौथा घात करा. खालच्या सेन्सरच्या चौथ्या घातातून आभाळाच्या चौथ्या घाताचे दोन टक्के वजा करा, उरलेल्याला ०.९८ ने भागा आणि चौथं मूळ काढा. दोन्ही सेन्सरमध्ये एमिसिव्हिटी १ च ठेवायची, दुरुस्ती फक्त नंतर कागदावर किंवा प्रोग्राममध्ये. मूळ आकडे कधीही पुसू नका. पुढे कुणी बर्फाची एमिसिव्हिटी ०.९९ धरून बघायचं ठरवलं तर ते हाताशी हवेत.

०.९८ की ०.९९, हे तुमचा बर्फच सांगतो. दुपारच्या वितळत्या बर्फाच्या, निरभ्र आभाळाखालच्या नोंदी घ्या आणि दुरुस्तीनंतर ज्या एमिसिव्हिटीला शून्य येतं ती त्या बर्फासाठी धरा. मात्र ताजा बर्फ पडल्यावर दाणा बदलतो, तेव्हा पुन्हा बघा.

आभाळाकडे बघणाऱ्या सेन्सरची अडचण उघड आहे, त्याच्या तोंडावर बर्फ साचतो. साचला की तो आभाळ गरम असल्याचं दाखवतो आणि दुरुस्ती गायब होते. निरभ्र रात्री आभाळाचा आकडा हवेच्या जवळपास दिसला तर तो रकाना रिकामा धरा. अरुंद दरीत उंच डोंगरभिंती असतील तर आभाळाच्या तुकड्यात खडकही येतो. तो आभाळापेक्षा खूप गरम असतो, म्हणून सेन्सरचं तोंड ज्या बाजूला दरी मोकळी आहे तिकडे करा.

दुसरा सेन्सर बसवणं शक्य नसेल तर निदान ढगांची नोंद ठेवा, किंवा स्वस्तातला टाइम-लॅप्स कॅमेरा आभाळाकडे लावा. ढगाळ रात्रीचे आकडे जसेच्या तसे वापरा. निरभ्र रात्रीचे वापरताना पाऊण ते एक अंश वर धरा आणि अहवालात तसं लिहा. राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने २०१६ मध्ये स्पितीत उभारलेल्या 'हिमांश'सारख्या केंद्रावर किंवा डीआरडीओच्या हिमस्खलन अभ्यासात तुमचे आकडे कुणाला तुलनेला घ्यायचे असतील, तर आकड्याशेजारी 'निरभ्र, दुरुस्ती नाही' एवढी टीप हवीच.

इतकं सगळं करूनही अडलं तर लॉगरची फाइल पाठवताना चार रकाने असू द्या: पृष्ठभागाचा कच्चा आकडा, सेन्सरच्या शरीराचं तापमान, हवेचं तापमान आणि वेळ. त्यासोबत डब्याचा एक फोटो, भिंगाच्या बाजूने काढलेला. नुसता 'दुरुस्त केलेला' आकडा पाठवला तर त्यातून कारण शोधता येत नाही.